चाळीस घरांचं हळदीकुंकू

कूलरच्या टाकीत हात घातला तर बोटांना धूळ लागली. पाणी नाही, ओल नाही. वाळ्याच्या ताट्या पापडासारख्या कडक झालेल्या, आणि आम्ही मार्चमध्ये बसवलेल्या नव्या कोऱ्या पंख्याच्या पात्यांत कोळ्याने जाळं विणलेलं. मे महिन्याची एकोणतीस तारीख, अकोल्यातली दुपारची दोनची वेळ, पारा सेहेचाळीसच्या वर. आणि या घरातला कूलर कितीतरी दिवसांत लागलेलाच नव्हता.

"काकू, हा बंद कधीपासून आहे?"

द्वारकाकाकू डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन भिंतीला टेकून वाकळ शिवत बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, मानेवर घामोळ्यांचे चट्टे. मला पाहून त्या उठल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या.

"पहिले बसा ना जी. किती उन्हाच्या आल्या तुमी."

"बसते हो. पण हा बंद पडला का? मोटर जळली? मग मला कळवायचं नाही का!"

"जळली गिळली काई नाई. चांगला हाय." त्या हसल्या. "मीच लावत नाई."

"काऊन?"

मी मूळची वाशीमची. कार्यालयात पुस्तकी बोलायचे, पण चिडले की तोंडातून वऱ्हाडीच बाहेर यायची.

"तुमीच तं सांगतलं होतं, हळदीकुंकवाच्या दिवशी. माही लाज तुमच्या हातात हाय म्हणून."

पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा अकोल्याच्या वीज कंपनीत उपअभियंता होते. कंपनी मोठी असली तरी दर तिच्या मनाने ठरवता येत नसत, ते नियामक आयोग ठरवायचा. त्या वर्षी आयोगाने नवीनच टूम काढली. वीज विकायचं जसं उद्दिष्ट असतं, तसं वाचवायचंही असलं पाहिजे. दरवर्षी अमुक टक्के वीज ग्राहकांच्या घरी वाचवून दाखवायची, नाही दाखवली तर कंपनीला दंड. आमचे अधीक्षक अभियंता टाले साहेब म्हणाले, "हलवायाला सांगतात, गिऱ्हाइकाला जिलबी कमी खायला शिकव." आणि हा सगळा उपद्व्याप माझ्या टेबलावर ठेवून मोकळे झाले.

मला मात्र ते काम फार आवडलं. खरंच सांगते, नोकरीतल्या एकतीस वर्षांत इतकं कुठलंच आवडलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज खातो तो कूलर. घरोघरी जुन्या पत्र्याचे कूलर, त्यांचे पंखे रात्रंदिवस घरघरणारे, वीज ढोसणारे. त्यांच्या जागी निम्मी वीज खाणारे पंखे सवलतीत दिले तर ऐंशी हजार घरांचं काम होणार होतं. पण आधी दाखवून द्यायला हवं होतं की खरंच किती वाचते. त्यावरून आयोग उद्दिष्ट ठरवणार, आणि उद्दिष्ट मोठं ठरलं तरच कंपनी पंखे वाटणार. कंपनीचं म्हणणं एक टक्का पुरे. एक टक्का म्हणजे चार ठिकाणी पोस्टर लावायचं आणि घरी जायचं. मला हवे होते तीन.

म्हणून चाळीस घरं निवडली. निवडली मी नाही, पुण्याहून वैद्य नावाचे संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बोलावले होते, त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. चाळीस घरांत नवे पंखे बसवले आणि मीटरशेजारी एकेक काळी पेटी लावली. घरात किती वीज लागते ते ती पेटी एप्रिल-मे दोन महिने मोजणार होती. शेजारी गेल्या उन्हाळ्याची बिलं ठेवायची, की फरक समोर.

जाताना वैद्यांनी मला बजावलं होतं, "सरोदे बाई, ही घरं आता विसरून जा. दर पंधरवड्याला जायचं, पेटीतली नोंद उतरवायची, परत यायचं. बोलायचं नाही. यातलं एकेक घर दोन हजार घरांच्या जागी उभं आहे. तुम्ही त्याला हात लावलात की ते दोन हजारांचं राहत नाही, तुमचं होतं."

ऐकलं का मी? माझा स्वभावच मेला असा, की कुणाच्या दारात जाऊन नुसतं भिंतीवरच्या पेटीकडे बघून परत फिरणं मला जमत नाही. पाणी विचारतात, चहा विचारतात, लेकीचं बाळंतपण कुठे करावं ते विचारतात. दोन फेऱ्यांत चाळीस घरांतल्या चाळीस बाया माझ्या ओळखीच्या झाल्या. चैत्र चालू होता. मी म्हटलं, इतकी वर्षं कंपनीच्या वसाहतीत एकटी राहते, एकदा आपणही करावं हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि वाणाला स्टीलचा एकेक डबा.

सदतीस जणी आल्या. त्यात द्वारकाकाकू म्हैसने फाटकाशीच थांबल्या. जुन्या शहरात नदीपल्याडच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झालेली. मूलबाळ नाही, वाकळा शिवून एकटीचं चालवायच्या.

"मी अठीच बसते जी ओट्यावर. डाळ तेवढी इथंच द्या."

"ओट्यावर कशाला? आत या."

"तुमाले माहीत नाई का? मी तं..." त्यांनी मोकळ्या कपाळाकडे बोट केलं.

मला आला राग. असला आला की काही विचारू नका. मी त्यांचा हात धरला, ओढतच आत आणलं, पाटावर बसवलं आणि सगळ्यांच्या आधी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं. त्यांच्याच गल्लीतल्या बेबीताई ठोंबरे पदराशी चाळा करत खाली बघत राहिल्या. मग कुणीतरी पन्ह्याचं कौतुक केलं आणि बोलणं सुरू झालं.

मला काय वाटलं म्हणून सांगू? गर्व वाटला. फार मोठं काहीतरी केलंय असं वाटलं, आणि त्या भरात मी उभी राहून भाषण ठोकलं. म्हटलं, "बायांनो, तुमच्या चाळीस घरांवर ऐंशी हजार घरांचं ठरणार आहे. साहेब लोक मला हसतात. माझी लाज आता तुमच्या हातात." सगळ्या हसल्या, मीही हसले. निघताना काकूंनी डबा छातीशी धरला आणि एवढंच म्हणाल्या, "अकरा सालात मले कोनं नाई बोलावलं."

तेवढं माझं एक वाक्य. ते मी विसरूनही गेले होते.

"काकू," मी पेला खाली ठेवला. "मी गमतीनं बोलले होते. कूलर बंद ठेवा असं म्हटलं का मी?"

"तुमी कायले म्हनसान? मलेच समजलं. बेबीताईनं बी दिवसाचा बंद केला. तिकडं त्या मास्तरीणबाईनं फ्रीज बंद केला. आमी इचारतो ना एकमेकीले, तुयी पेटी किती झाली म्हणून." त्या गोड हसल्या. कपाळावर कुंकवाचं बारीकसं बोट होतं. त्या दिवसापासून त्या ते लावत होत्या. "मी तं पुराच बंद केला. माह्या घराचं सर्व्यात कमी आलं ना जी?"

आलं होतं. त्यांचंच सर्वांत कमी आलं होतं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याच्या फेरीला मी वायरमनला पाठवलं होतं; त्याने आणलेले आकडे पाहून मी कार्यालयात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. चाळीस घरांत मिळून सत्तावीस टक्के बचत! दहा-बारा आली असती तरी एकूण विजेवर माझे तीन टक्के सिद्ध झाले असते. मी म्हटलं, काय पंखे आहेत!

"आताच्या आता लावा कूलर. मी पाणी आणते."

"आता कायले?" काकूंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा तापलेल्या तव्यासारखा होता. "दोनच दिवस तं राहिले तुमच्या मोजणीचे. एवढे दिवस काढले, दोनासाठी कायले नासवता? निभते मले."

आणि इथे मी ते केलं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हात सोडवून घेतला नाही. आकडे आधीच खोटे झाले होते, दोन दिवसांनी काही बिघडणार किंवा सुधारणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी डोक्यात कुठेतरी ते सत्तावीस चमकत होते. मी पेटीतली नोंद उतरवली, "जपा हो काकू," म्हटलं आणि निघाले. लाज वाटते अजून.

पुढच्या दोन दिवसांत बाकीची घरं पालथी घातली. एकोणचाळीसपैकी तीस घरांत काही ना काही बंद होतं. एकीने तर घरातल्या सगळ्यांना दुपारभर शेजारच्या देवळात बसवायला सुरुवात केली होती, सासऱ्यासकट. उरलेल्या नऊ घरांत तीन अशी, ज्यांतल्या बाया हळदीकुंकवाला आल्याच नव्हत्या. नव्या पंख्याने खरी किती वीज वाचली ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मलाही नाही.

टाले साहेबांना जाऊन सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"वाण काय दिलं होतंत?"

"स्टीलचा डबा."

"आम्ही लाखमोलाचे पंखे बसवले त्याचं काही नाही. तुमच्या डब्याने सत्तावीस टक्के वीज वाचवली!" ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग गंभीर झाले. "हे सुनावणीत सांगा. अगदी असंच सांगा."

"साहेब, आपण एक वर्षाची मुदत मागू. पुढच्या उन्हाळ्यात नवी चाळीस घरं घेऊ, मी कुणाच्या दारातसुद्धा जाणार नाही."

"मागा की तुम्ही. आयोग तीन वर्षांसाठी आकडा ठरवतोय. तो याच सुनावणीत ठरणार."

मी घरी येऊन ठरवलं, गप्प बसायचं. तीन टक्के मागितलेत, तीन मिळतील. पंखे तर चांगलेच आहेत. बचत थोडी कमी भरली तर भरली. वैद्यांना काय कळतंय पुण्यात बसून!

सहा जूनला कलेक्टर कचेरीच्या सभागृहात जनसुनावणी झाली. मंचावर आयोगाचे अध्यक्ष आणि दोन सदस्य. मी कागद घेऊन उभी राहिले, मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत माझ्या अकरा बाया. जनसुनावणी म्हणजे जनांनी यायचं असतं, असं बेबीताईंनी पेपरात वाचलं होतं म्हणे. कडेला द्वारकाकाकू. वाणाचा डबा मांडीवर, त्यात माझ्यासाठी काहीतरी करून आणलेलं असणार. उन्हाने आणि उकाड्याने त्यांच्या गालांची सालं निघाली होती. आठवड्याभरात त्या निम्म्या झाल्या होत्या.

मी आकडे वाचले. सत्तावीस म्हटल्यावर सभागृहात कुजबुज झाली. सदस्यांपैकी एक जण पूर्वी अभियंता होते. त्यांनी चष्मा काढला.

"सरोदे मॅडम, पंख्याने इतकी बचत होत नाही. या चाळीस घरांशी तुमचा मधल्या काळात काही संपर्क आला होता का?"

नाही म्हणता आलं असतं. एक शब्द. पण माझी नजर पुन्हा काकूंकडे गेली. मनात आलं, या सालं निघालेल्या गालांवरून उद्या ऐंशी हजार घरांचं ठरणार. कागदावर लिहिलं जाणार की अकोल्यातला माणूस इतक्या विजेत सुखाने उन्हाळा काढतो. आणि पुढच्या वर्षी कुणी विचारेल, त्यांना जमलं, तुम्हाला का जमत नाही?

"आला होता," मी म्हटलं. "मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं."

मग सगळं सांगितलं. बंद कूलर, बंद फ्रीज, देवळात बसणारा सासरा. काकूंचं नाव घेतलं नाही. खरं सांगते, हलकं वाटत होतं. सभागृहात आधी हसू आलं, मग ते विरलं.

सदस्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे त्या हळदीकुंकवामुळे हा सगळा प्रयोग वाया गेला, असंच ना?"

"हो," मी म्हणाले.

अध्यक्षांनी आमचा अहवाल बाजूला ठेवायला सांगितला. मी एक वर्षाची मुदत मागितली. ते म्हणाले, तशी तरतूद नाही. दुसरा आकडा समोर नाही, तेव्हा कंपनीचा प्रस्ताव मान्य. तीन वर्षांसाठी एक टक्का. पाच मिनिटांत संपलं. टाले साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. "सरोदे, तुम्ही कंपनीला वाचवलंत हो!" मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण चूक त्यांची नव्हती.

बाहेर व्हरांड्यात बाया उभ्या होत्या. बेबीताईंची पाठ माझ्याकडे होती. त्या कुणाला तरी सांगत होत्या, "मी तवाच मनात म्हनलं होतं. सवाष्णींच्या हळदीकुंकवात आसं करू नाई. झालं ना आता? भरसभेत सायबानं सांगतलं, हळदीकुंकवानंच वाया गेलं म्हणून."

द्वारकाकाकू त्यांच्यापासून चार हात लांब, खांबाशी उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या.

"बेबीताई!" मी ओरडलेच. "काय बोलता हे!"

"मी नाई, सायेब बोलले. तुमी बी हो म्हनल्या." आणि त्या बाकीच्या बायांना घेऊन ऑटोकडे निघून गेल्या.

मी काकूंपाशी गेले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला होता.

"बाई, खरं हाय का ते? हळदीकुंकवानं सारं वाया गेलं?"

"हो, पण काकू, तुम्ही समजता तसं नाही."

"माह्यानंच झालं."

"नाही हो! तुमच्यामुळे नाही. सगळ्यांनीच वीज बंद ठेवली ना, म्हणून आकडे चुकले. तुम्ही आल्या म्हणून नाही, मी बोलावलं म्हणून."

"तेच तं म्हनते मी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुमी मले बोलवाले नाई पायजे होतं."

हेच तर वैद्य म्हणाले होते, हेच आत्ता आयोगाने म्हटलं होतं, आणि हेच मी भरसभेत कबूल केलं होतं. मी त्यांना नमुना काय, सरासरी काय, दोन हजार घरं काय, सगळं समजावलं. चाळीसच्या चाळीस जणींना बोलावणं चुकलं, एकट्या तुम्हाला नव्हे, असं तीन-तीनदा सांगितलं. त्या "हो जी, हो जी" म्हणत राहिल्या. मी अभियंता बाई. माझ्या इतक्या शिक्षणात त्या बाईच्या डोक्यातून तेवढी एक गोष्ट काढता येईल असं एक वाक्य नव्हतं.

आठवड्याने पेटी काढून आणायला त्यांच्याकडे गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, मीच गेले. पाऊस अजून लांब होता, उकाडा तसाच. दाराशी तो डबा राखेने लख्ख घासून ठेवलेला.

"हे तुमचं घेऊन जा जी."

कपाळ मोकळं होतं. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं की मी पाहिलं.

मला पुन्हा राग आला, पण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी काळी पेटी भिंतीवरून उतरवली. मग ड्रममधून बादल्या भरभरून कूलरच्या टाकीत ओतल्या, कोळ्याचं जाळं काढलं, ताट्या भिजवल्या आणि बटण दाबलं. पंखा बारीक आवाज करत फिरायला लागला. खरंच फार चांगले पंखे होते ते. खोलीत वाळ्याचा गार वास पसरला. मी काकूंना हाताला धरून समोर बसवलं आणि शेजारी बसले. त्यांनी डोळे मिटले. केसांच्या बटा वाऱ्याने उडत होत्या. अर्धा तास आम्ही तशाच बसून राहिलो.

"आता मोजणी नाही काकू. पेटी काढली मी, ही बघा. आता कुणाचं काही बिघडत नाही."

"हो जी."

"रोज लावायचा. दुपारी, रात्री, वाटेल तेव्हा."

"हो जी."

"माझी शपथ आहे."

"हो जी. तुमी या आता. ऊन हाय."

डबा मी तिथेच ठेवून उठले, तर त्यांनी मागून येऊन तो माझ्या पिशवीत घातला. मी गल्लीत आले, पिशवी स्कूटीला अडकवली, रुमाल तोंडाला बांधला. खिडकीतून कूलरचा बारीक आवाज येत होता. किल्ली लावली, तेवढ्यात तो थांबला.

वाटलं, वीज गेली असेल. पण समोरच्या पानटपरीतला पंखा फिरत होता. मी उन्हात पाचेक मिनिटं उभी राहिले. कूलर काही पुन्हा लागला नाही.